आवाजाची वाट

व्याख्यानमाला ही आपल्या महाराष्ट्राची जुनी हौस आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि मग गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंज्या पडू लागल्या. वक्ता बोलतो, श्रोते ऐकतात, आभार मानले जातात आणि मंडळी घरी जातात. परंतु ह्या दीडशे वर्षांत जे बोलले गेले त्यापैकी आज आमच्या हाती काय उरले, असा हिशेब कोणी मांडू लागला तर जमेची बाजू फार तोकडी निघते. जे छापले गेले ते उरले. बाकीचे मांडवाच्या कनातीबाहेर गेले आणि वाऱ्यात मिसळले.

आवाज हा मूळचा क्षणभंगुर. तो टिकवायचा तर त्याला त्याच्या नैसर्गिक वाटेवरून वळवून दुसऱ्या कसल्या तरी पदार्थात नेऊन ठेवावे लागते. शाईत, मेणात, लाखेत, लोहचूर्णाच्या फितीत आणि आजच्या काळी आकड्यांत. ध्वनिमुद्रणाचा इतिहास म्हणजे ह्या वळणांचा इतिहास होय. प्रत्येक वळणावर काही हाती लागते, काही सांडते. आणि प्रत्येक वळणावर कोणी तरी उभा असतो, जो ठरवितो की हा आवाज कोठे जाईल. आम्ही आज जो विषय मांडणार आहोत तो ह्या वाटेचा आहे. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. वर्धा जिल्ह्याच्या आसपासच ह्या इतिहासाचे बरेच धागे सापडतात.

पहिली वाट हाताची. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दर रविवारी गीतेवर एक प्रवचन द्यावे असे ठरले. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला शेवटचे. मध्ये एकही रविवार खाली गेला नाही. अठरा रविवार, अठरा अध्याय. ह्या प्रवचनांना ना ध्वनिक्षेपक होता, ना तबकडी. परंतु श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांच्या हाती लेखणी होती. विनोबा बोलत गेले आणि गुरुजी लिहीत गेले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज घरोघर आहे ते ह्या एका हातामुळे. गुरुजी त्या रविवारी आजारी असते, किंवा तुरुंगाधिकाऱ्याने त्यांना दुसऱ्या बराकीत घातले असते, तर पवनारच्या ह्या ऋषीचे सर्वांत लोकप्रिय बोलणे धुळ्याच्या भिंतींपलीकडे गेलेच नसते.

ह्या वाटेवर काय हाती लागले आणि काय सांडले? अर्थ हाती लागला, शब्द बहुतेक हाती लागले, वाक्यांची ठेवणही लागली. सांडला तो स्वर. विनोबा कोठे थांबले, कोठे हसले, कोणत्या शब्दावर त्यांनी भार दिला, हे शाईला सांगता येत नाही. शिवाय लिहिणारा हा निव्वळ नळी नसतो. तो साने गुरुजींसारखा हळवा लेखक असला म्हणजे त्याच्या मनातून गेलेला आवाज थोडा त्याच्या रंगाचा होऊनच बाहेर पडतो. त्यात दोष काही नाही. परंतु वाट ही अशी रंग देते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे उदाहरण महादेवभाई देसाईंचे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला राहावयास गेले. हेच सेगाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. महादेवभाईंचे बिऱ्हाड वर्ध्याला मगनवाडीत. तेथून सेगावपर्यंतचे अंतर आठ किलोमीटरच्या घरात. ऐन उन्हाळ्यातही ते ही वाट पायी तुडवीत. जाताना टपाल न्यायचे, येताना गांधीजींचे शब्द आणायचे, रात्री ते ‘हरिजन’साठी लेखात उतरवायचे. दोन ठिकाणांमध्ये आवाज पोचविणारी तार म्हणजे हा माणूसच होता. सेवाग्रामच्या काळातले गांधीजी जगाला जे माहीत झाले ते मुख्यतः ह्या व अशा लेखण्यांतून. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई गेले, तेव्हा गांधीजींचा सर्वांत विश्वासू लेखनिक गेला आणि एक वाटही बंद झाली.

आता यंत्राच्या वाटेकडे वळू. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला. त्याचे तत्त्व कोणाही लोहाराला समजावे इतके सोपे होते. कर्ण्यात बोलायचे, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरतो, पडद्याला लावलेली सुई फिरत्या पृष्ठावर चर पाडते. उलट सुई त्या चरातून फिरविली की पडदा पुन्हा थरथरतो व आवाज परत येतो. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचे गाणे असेच कर्ण्यातून मुद्रित केले. तबकड्या दाबल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला. तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. ही युक्ती आपण लक्षात ठेवू. शेवटी तिची गरज लागणार आहे.

१९२५ पासून कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. आवाजाची वीज झाली. वीज झाली म्हणजे ती तारेतून पाहिजे तेथे नेता येते, लहानमोठी करता येते, दोन प्रवाह एकत्र करता येतात. ह्या नव्या पद्धतीने २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये किंग्जली हॉलमध्ये कोलंबिया कंपनीने गांधीजींचा आवाज तबकडीवर घेतला. गोलमेज परिषदेसाठी ते तेथे उतरले होते. त्यांनी राजकारणावर न बोलता ईश्वरावर बोलणे पसंत केले, आणि १९२८ साली ‘यंग इंडिया’त लिहिलेला आपलाच मजकूर वाचला. म्हणजे गंमत अशी की येथे वाट उलटी झाली. विनोबांचे बोलणे कागदावर गेले. गांधीजींचा कागद बोलण्यात आला. ती तबकडी आजही ऐकता येते. ऐकणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो आवाजाच्या मंद, सपाट शांतपणाचा. एवढी चळवळ उभी करणारा माणूस असा बोलत होता, हे कोणत्याही पुस्तकातून कळले नसते.

ह्याच सुमारास दुसरीकडे तारेची एक वेगळीच विद्या पक्की झाली होती. ती म्हणजे टेलिफोनच्या एक्स्चेंजची. मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले १८८२ च्या जानेवारीत. एका लांब फळीवर शेकडो भोके, प्रत्येक भोक म्हणजे एक ग्राहक, आणि फळीसमोर बसलेल्या माणसाच्या हाती दोन टोकांना खुंट्या असलेली दोरी. एक खुंटी ह्या भोकात, दुसरी त्या भोकात, की दोन घरे जोडली गेली. भोकाला म्हणत जॅक. पाव इंच जाडीची ती खुंटी इतकी सोयीची ठरली की रेडिओच्या स्टुडिओने ती उचलली, गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनी उचलली, आणि आज गिटारच्या दोरीच्या टोकाला जी खुंटी दिसते ती तीच. एक्स्चेंजच्या फळीचाच धाकटा भाऊ रेडिओच्या स्टुडिओत आला. कोणता मायक्रोफोन कोणत्या यंत्रात जाईल, हे तेथे खुंट्या बदलून ठरू लागले.

ह्या फळीसमोर बसणाऱ्याला आणखी एक सोय होती. त्याला दोघांचे बोलणे ऐकता येत असे. सरकारलाही ती सोय ठाऊक होती. १८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणीत संदेश अडविण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती ठेवला होता. सेवाग्रामच्या आश्रमात आजही एक टेलिफोन दाखविला जातो. व्हाइसरॉय लिनलिथगोच्या काळात तो तेथे बसविला गेला, सरकारला ह्या झोपडीशी तातडीने बोलता यावे म्हणून. मातीच्या भिंतींच्या आश्रमात तो काळा पेटीवजा टेलिफोन पाहिला म्हणजे मनात येते की तारेला दोन टोके असतात हे खरे, परंतु तारेचा मालक एकच असतो. आवाजाची वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्या पेटीत बंद आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर १९४२ ने दिले. १४ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडून जावे असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि पहाटेपूर्वीच पुढारी पकडले गेले. आता वर्तमानपत्रांवर बंदी, तारेवर पहारा, आकाशवाणी सरकारची. तरीही आवाज पोचले. आमच्या जिल्ह्यात आष्टीला १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि रक्त सांडले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांनी ह्या मुलखाची मने आधीच तापविली होती. खंजिरीला तार लागत नाही आणि तिला परवाना लागत नाही. मुंबईत मात्र उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचीच वाट धरली. ऑगस्टमध्ये त्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत, यंत्र उचलून नेत, मुद्रित केलेली भाषणे व तबकड्या लावीत हा आवाज जवळजवळ तीन महिने सरकारच्या नाकावर टिच्चून चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला.

बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिवाळीच्या दिवशी, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात आले. कुरुक्षेत्रच्या छावणीतील निर्वासितांना भेटायला त्यांना जाता आले नव्हते. म्हणून त्यांचा आवाज तेथे पाठविला गेला. स्टुडिओत येऊन बोलण्याची त्यांची ती एकच वेळ. एका १२ नोव्हेंबरला वाट परक्यांची होती म्हणून आवाज गुन्हेगार ठरला. दुसऱ्या १२ नोव्हेंबरला तीच वाट आपली झाली आणि तोच आवाज सांत्वन ठरला. यंत्र बदलले नव्हते, धनी बदलला होता.

पुढील वर्षी, १९४८ मध्ये, नागपूरला आकाशवाणी केंद्र उघडले आणि विदर्भाच्या बोलीला स्वतःची वाट मिळाली. त्याच काळात ध्वनिफीत जगभर पसरली. जर्मनीत १९३५ च्या सुमारास मॅग्नेटोफोन तयार झाला होता. युद्धानंतर अमेरिकेने ती विद्या उचलली. फितीने एक मोठी गोष्ट केली. चूक झाली तर पुसता येऊ लागले, तुकडे कापून जोडता येऊ लागले. तबकडी दगडावरच्या लेखासारखी होती. फीत पाटीवरच्या अक्षरासारखी झाली.

ह्यापुढचे वळण मात्र सर्वांत मोठे आहे, आणि ते आज आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. आवाजाचे आकडे झाले. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विजेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणी आकड्याने लिहून ठेवायची, एवढेच हे तंत्र. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, तीही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी. म्हणजे सेकंदाला ८८,२०० आकडे. तासाभराच्या व्याख्यानाचे होतात ६३ कोटी ५० लाख बाइट. एके काळी ही रक्कम ऐकूनच घाम फुटला असता; आज ती बोटभर पेटीत मावते.

आवाज आकड्यांत आला म्हणजे तो कोठेही नेणे सोपे झाले असावे, असे आपल्याला वाटेल. येथेच एक नवल आहे. संगणकात एका वेळी अनेक कार्यक्रम चालू असतात. एकात आपण दूरच्या माणसाशी बोलतो, दुसऱ्यात गाणे वाजते, तिसरा ध्वनिमुद्रण करतो. परंतु हे तिन्ही एकमेकांचा आवाज ऐकत नाहीत. प्रत्येकाला आपापली खोली दिलेली असते. ऐकायचे ते मायक्रोफोनकडून, बोलायचे ते स्पीकरकडे, शेजारच्या खोलीत डोकावायचे नाही. ही शिस्त शहाणपणाचीच आहे. नाही तर कोणताही भुरटा कार्यक्रम आपले बोलणे चोरून ऐकेल. परंतु तिचा परिणाम विचित्र होतो. पहिल्या खोलीतले बोलणे तिसऱ्या खोलीत मुद्रित करायचे तर ते स्पीकरमधून हवेत यावे, खोलीतून फिरावे आणि पुन्हा मायक्रोफोनमधून आत जावे. एकाच पेटीतला आवाज, आणि त्याला बाहेर पडून पुन्हा दारातून यावे लागते!

२०२० आणि २०२१ च्या साथीच्या काळात व्याख्यानमाला, भजने, शोकसभा, सगळे पडद्यावर आले, तेव्हा हे असंख्य घरांत घडले. लोकांनी संगणकाच्या स्पीकरपुढे मोबाइल धरून मुद्रण केले. त्यात पंख्याची घरघर आली, कुकरची शिटी आली, रस्त्यावरचा भाजीवाला आला. तंत्राच्या दृष्टीने पाहता ही १९०२ ची पद्धत झाली. गेझबर्गने कर्ण्यासमोर गाणारीला उभे केले. आम्ही स्पीकरसमोर मोबाइल उभा केला. मध्ये गेलेल्या सव्वाशे वर्षांचा लाभ वाटेतच सांडला.

ह्यावरचा उपाय जाणत्यांनी फार पूर्वी शोधला होता, आणि तो आम्हाला पुन्हा एक्स्चेंजच्या फळीकडे नेतो. १९९८ च्या सुमारास विंडोज संगणकासाठी ‘व्हर्च्युअल ऑडिओ केबल’ नावाची एक करामत निघाली. ही केबल हाताला लागत नाही. ती एका कार्यक्रमाला भासविते की मी स्पीकर आहे, आणि दुसऱ्याला भासविते की मी मायक्रोफोन आहे. पहिला तिच्यात बोलतो, दुसरा तिच्यातून ऐकतो. हवेचा संबंध उरत नाही. मॅक संगणकासाठी २००४ मध्ये ‘साउंडफ्लॉवर’ आले, पुढे ‘ब्लॅकहोल’ आले. ह्या शतकाच्या आरंभी पॉल डेव्हिस ह्या प्रोग्रॅमरने लिनक्ससाठी एक संपूर्ण फळीच रचली. प्रत्येक कार्यक्रमाला भोके दिली आणि कोणतेही भोक कोणत्याही भोकाशी जोडता येईल अशी सोय केली. तिचे नाव काय ठेवले? ‘जॅक’. १८८२ च्या मुंबईत फळीवर बसलेल्या माणसाला हे नाव ऐकून मुळीच परके वाटले नसते. आज लिनक्सवर हेच काम ‘पाइपवायर’ करतो. नळ आणि तार, दोन्ही जुन्या वाटा त्या एका नावात आहेत.

अर्थात आतली वाटही निष्कंटक नाही. संगणक आकडे एकेक न देता गठ्ठ्याने देतो. सेकंदाला ४८,००० मोजण्या असता २५६ चा गठ्ठा केला तर सुमारे ५.३ सहस्रांश सेकंदाचा विलंब होतो. हवेत आवाजाला एवढ्या वेळात पावणेदोन मीटरच्या आसपास जाता येते. म्हणजे समोरच्या खुर्चीवरच्या माणसाचे ऐकावे तसे. हे खपते. गठ्ठा मोठा केला तर गाणारा व वाजविणारा ह्यांचा ताल सुटतो, लहान केला तर संगणकाला धाप लागते आणि आवाजात खडखड येते. दुसरी अडचण घड्याळांची. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एक चालत नाहीत. सेकंदाला एका मोजणीचा फरक पडला तर तासात ३,६०० मोजण्यांचा पडतो, आणि एकाच सभेची दोन मुद्रणे शेवटी एकमेकांशी जुळत नाहीत. तिसरी अडचण आपल्याला मांडवातली ठाऊक आहे. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरला की कर्कश शिटी वाजते. आतल्या फळीवर चुकीची दोरी लावली, मुद्रण करणाऱ्याचे तोंड त्याच्याच कानाला जोडले, की तीच शिटी तेथेही वाजते.

एवढा पसारा वर्ध्याच्या सभेपुढे मांडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण हे की आमच्या जिल्ह्याची एक पिढी आमच्या डोळ्यांदेखत संपत आली आहे. आष्टीचे १९४२ ज्यांनी पाहिले, विनोबांच्या मागून जे भूदानाच्या पदयात्रेत चालले, सेवाग्रामच्या नयी तालीमीत जे शिकले, त्यांतले फार थोडे आता सांगण्यास उरले आहेत. विनोबांनाही १५ नोव्हेंबर १९८२ ला जाऊन चार दशके उलटली. ह्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांची नातवंडे पुण्याहून, बंगळूरहून, अमेरिकेहून पडद्यावर बोलतात. आजोबा जुन्या गोष्टी सांगतात, वऱ्हाडी बोलीतले असे शब्द बोलतात जे कोशात नाहीत. संभाषण संपते आणि पडदा काळा होतो. प्रत्येक घरात एक साने गुरुजी बसलेला नसतो. परंतु प्रत्येक घरात ती न दिसणारी तार आता लावता येते, आणि तिला पैसाही फारसा लागत नाही.

ती लावताना इतिहासाने शिकविलेल्या तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, आवाज हवेतून न फिरविता आतल्या आत घ्यावा, आणि बोलणाऱ्या दोघांचे आवाज दोन निराळ्या पट्ट्यांवर ठेवावे. आजोबा बोलताना मध्येच नातू खोकला तर तेवढेच बाजूला काढता येते. दुसरी, मुद्रण चालू आहे हे सांगावे आणि संमती घ्यावी. फळीवर बसून चोरून ऐकणाऱ्यांचा राग आमच्या वडीलधाऱ्यांनी केला. आम्ही स्वतःच्या घरात तसे होऊ नये. सांगितले तर कोणी म्हातारा क्वचित अवघडेल, एखादी गोष्ट गाळील. तो त्याचा अधिकार आहे. गांधीजींनीही तबकडीसाठी काय बोलायचे ते स्वतःच निवडले होते.

तिसरी गोष्ट गौहर जानची. मुद्रण संपताना नाव, गाव आणि तारीख मोठ्याने सांगून ठेवावी. पेटीत शेकडो आवाज साठले आणि कोणता कोणाचा हे कळेनासे झाले, तर टिकूनही ते हरवल्यासारखेच. कलकत्त्याच्या त्या गायिकेला ठाऊक होते की तिचा आवाज अशा लोकांच्या हाती जाणार आहे ज्यांनी तिला कधी पाहिले नाही आणि तिची भाषाही ज्यांना येत नाही. आमच्या आजी-आजोबांचा आवाजही अशाच लोकांच्या हाती जाणार आहे. ते लोक अजून जन्मलेले नाहीत, एवढाच फरक.